मला दिसलं ते दिसलं

मृगाचा पाऊस लागून आठवडा झाला होता. तिन्हीसांजेला दिवे गेले आणि अण्णा खाटेवरून म्हणाले, "दारात कोण उभं आहे गं?"

दारात कोणी नव्हतं. पडवीतल्या खुंटीवर माझा रेनकोट अडकवला होता आणि त्याच्या टोपीतून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, "कोणी नाही अण्णा. भास झाला तुम्हाला."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "नसेल कोणी. पण मला दिसलं ते दिसलं."

अण्णा तेव्हा ८७ वर्षांचे होते. विस्मरणाचा आजार जडून तीन वर्षं झाली होती. नावं गेली होती, वार गेले होते, जेवण झालं की व्हायचंय तेही कळेनासं झालं होतं. त्यात आता हे. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की भास होतील, तुम्ही वाद घालत बसू नका. पण मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेलं. चुकलेलं रूप दिसलं की लाल पेन उचलायचं, ही हाताला लागलेली सवय. त्यामुळे 'भास झाला तुम्हाला' हे वाक्य दिवसातून चार-पाचदा तरी माझ्या तोंडून जायचं.

ते झोपले की रात्री मी ग्रीकचं व्याकरण घेऊन बसायचे. नोकरीत असताना राहून गेलेलं काम. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी आहेत असं मी दरवर्षी नववीच्या मुलांना सांगत आले, आणि त्या बहिणीची अक्षरंसुद्धा मला लावता येत नव्हती, याची बोच होती. त्या आठवड्यात माझ्यापुढे 'फाइनो' हे क्रियापद होतं. फाइनो म्हणजे उजेडात आणणं, दाखवणं. त्याचंच आत्मनेपदाशी जुळणारं रूप 'फाइनोमाय', म्हणजे आपण उजेडात येणं, दिसणं. आणि त्यापासून झालेलं नपुंसकलिंगी धातुसाधित 'फाइनोमेनॉन'. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत आणि भौतिकशास्त्रात भेटतो तो फिनॉमिनन हाच.

कोशात त्या धातूचे सगेसोयरे दिले होते. पहिलाच होता संस्कृत 'भा'. भाति, म्हणजे प्रकाशतो.

ग्रीकमध्ये जिथे फ, तिथे संस्कृतमध्ये भ, हे मला ठाऊक होतं. 'फेरो' म्हणजे भरामि, 'फ्रातेर' म्हणजे भ्रातृ. शब्दाच्या शेवटचं 'मेनॉन' आणि आपल्या वर्तमान, भासमान यांतलं 'मान' हीसुद्धा भावंडंच. म्हणजे 'फाइनोमेनॉन' हा शब्द तुकड्या-तुकड्यानं मराठीत आणला, तर तो 'भासमान' होतो. दिवसभर ज्या शब्दानं मी अण्णांना गप्प करत होते, तोच शब्द अडीच हजार वर्षांचा प्रवास करून रात्री माझ्या टेबलावर येऊन बसला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं आहे.

या 'भा'चं घर मोठं आहे. प्रभा, आभा, प्रभात, भानू. प्रतिभा, जी कवीला असते. आणि भान. भान हरपतं, भान सुटतं, माणूस भानावर येतो. म्हणजे शुद्ध, जाणीव. जाणिवेला उजेडाचं नाव आपल्या भाषेत पहिल्यापासून आहे. मग याच घरातला भास तेवढा खोटा कधी ठरला? तर्कशास्त्रात हेतू म्हणजे कारण, आणि हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला. दोरीवर साप भासतो. जाणकारांच्या वादविवादातून आणि वेदान्ताच्या दृष्टान्तांतून उतरत उतरत शब्दाचं तोंड एकाच दिशेला वळलं असावं असं मला वाटतं. संस्कृतात 'इति मे प्रतिभाति' असं पंडित लिहीत, तेव्हा त्यात खोटेपणाचा वासही नसे. मला असं दिसतं, एवढाच अर्थ. सूर्याच्या भानूपाशी उजेड राहिला, आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला भास आला.

ग्रीकांच्या क्रियापदाचं तोंड असं एका बाजूला वळलेलं नव्हतं. त्यांच्या व्याकरणात एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटला. 'फाइनेताय' या क्रियापदापुढे धातुसाधित विशेषण आलं तर अर्थ होतो, 'तो तसा आहे हे उघड दिसतंय'. पुढे 'असणे' या अर्थाचं तुमन्तासारखं रूप आलं, तर अर्थ होतो, 'तो तसा आहे असं वाटतंय', खरा असेल किंवा नसेलही. एकच क्रियापद, आणि दोन्ही. मराठीला हे परकं नाही. 'गाडी आलेली दिसतेय' असं आपण म्हणतो तेव्हा अंगणात हॉर्न ऐकू आलेला असतो. 'गाडी आल्यासारखी वाटली' म्हणतो तेव्हा उठून बघावं लागतं. पण 'भासणे'मध्ये आपण पहिला अर्थ ठेवलाच नाही. तिथे नेहमी उठून बघावं लागतं, आणि नेहमी तिथे कोणी नसतंच.

सॅफोची एक कविता आहे. ही लेस्बॉस बेटावरची कवयित्री, ख्रिस्तपूर्व सहाशेच्या आसपासची. तिचे बहुतेक तुकडेच उरलेत, पण या कवितेची चार कडवी धड मिळाली आहेत. सुरुवातीचे शब्द आहेत 'फाइनेताय मोय'. तो पुरुष मला देवांच्या बरोबरीचा भासतो, जो तुझ्यासमोर बसून तुझं गोड बोलणं ऐकतोय. मग तिची जीभ अडखळते, कातडीखाली आग धावते, डोळ्यांना दिसेनासं होतं, कानात घुमतं. आणि चौथ्या कडव्यात तेच क्रियापद परत येतं: मी मरणापासून जराशीच दूर आहे असं माझं मलाच भासतं.

त्यातला 'मोय' म्हणजे संस्कृतातला 'मे'. मला. ही चतुर्थी मला सारखी खुणावत राहिली. इंग्रजीत विचार करणारा माणूस कर्ता असतो. मराठीत मात्र मला वाटतं, मला दिसतं, मला आठवतं, मला सुचतं. मी तिथे काही करत नाही. माझ्याकडे काहीतरी येतं आणि मी ते घेते. ग्रीकांचंही तसंच. 'डोकेई मोय' म्हणजे मला वाटतं, आणि त्या 'डोकेई'पासून 'डॉक्सा', म्हणजे मत. अथेन्सच्या नगरसभेनं ठराव केला की दगडावर कोरताना सुरुवात अशी: 'एडॉक्से', परिषदेला आणि लोकांना असं वाटलं. शहराचा कायदासुद्धा 'वाटलं'नं सुरू व्हायचा. प्लेटोनं मग डॉक्सा ज्ञानाच्या खालच्या पायरीवर बसवली. ऑर्थोडॉक्स आणि पॅरॅडॉक्स हे शब्द त्याच घरचे. त्यांच्या मागे जायचं नाही, नाहीतर अण्णांची गोष्ट राहून जाईल.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. वादळानं तार पडून अर्ध्या घरात दिवे होते, अर्ध्यात नव्हते. विहिरीच्या पंपासाठी आमच्याकडे थ्री फेज कनेक्शन आहे. त्यानं मीटरच्या डब्यापाशी टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, एक फेज गेलाय." तिसऱ्या जागी टेस्टरमधला वाटाण्याएवढाही नसलेला दिवा पेटत नव्हता. बाकी दोन ठिकाणी टोक टेकवलं की आत नारिंगी ठिणगी उजळायची. पूर्वी हे मी शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र मी त्याला म्हटलं, "परत दाखव." त्यानं परत दाखवलं.

फेज हा शब्दही त्याच घरातला. ग्रीक 'फासिस', म्हणजे दिसू लागणं. आधी चंद्राच्या कलांसाठी वापरायचे, आणि हिंडत हिंडत तो आमच्या मीटरच्या डब्यात आला. बाजारातल्या फॅन्सी साड्यांमधला 'फॅन्सी'सुद्धा 'फान्तासिया'चं इंग्रजीत आकसलेलं रूप आहे. फान्तासिया म्हणजे मनापुढे काहीतरी उभं राहणं. अॅरिस्टॉटलनं आत्म्यावरच्या ग्रंथात म्हटलं आहे, की हे नाव 'फाओस' म्हणजे उजेड यावरून पडलं, कारण उजेडाशिवाय पाहता येत नाही. आणि माळ्यावरचा आजीच्या वेळचा फाणस, जो मी दिवे गेले की अण्णांच्या उशाशी लावत असे? फाणस फारसीतल्या 'फानूस'वरून आला आणि फानूस ग्रीक 'फानोस'वरून, म्हणजे दिवटी, कंदील. म्हणजे भास आपल्या घरात संस्कृतातून वारशानं आला, फाणस इराणवरून आला, फेज इंग्रजीतून वायरीबरोबर आला. तिघं एकाच आईची लेकरं, आणि तिघं एका पडवीत होती.

टेस्टरच्या त्या ठिणगीवरून मला अॅनॅक्सागोरस आठवला. हा ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ, आयोनियातल्या क्लाझोमेनाय गावचा, पुढे अथेन्सला राहायला आलेला. सूर्य हा तापून लाल झालेला दगड आहे असं तो म्हणाला आणि त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला. त्याचं एक वाक्य उरलं आहे: जे भासतं, ते न दिसणाऱ्याचं दर्शन असतं. त्यात 'ता फाइनोमेना' हाच शब्द आहे. तारेतली वीज कोणी पाहिलेली नाही. टेस्टरच्या काचेत जे उजळतं, तेवढंच तिचं दर्शन. पण ते दर्शन खोटं म्हणून वायरमननं हात लावला, तर तो जगणार नाही.

याच अॅनॅक्सागोरसची दुसरी गोष्ट सेक्स्टस एम्पिरिकस सांगतो. सेक्स्टस पेशानं वैद्य आणि विचारानं संशयवादी. तो म्हणतो, आम्ही भासणाऱ्या गोष्टी आणि मनानं धरलेल्या गोष्टी समोरासमोर उभ्या करतो, फाइनोमेना आणि नोऊमेना. उदाहरणार्थ, बर्फ पांढरा दिसतो. त्यासमोर अॅनॅक्सागोरसनं ठेवलं, की बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी, पाणी तर काळं, तेव्हा बर्फ काळा. आज हे ऐकून माणूस अडखळतो, पण युक्तिवादाचा सांगाडा बघा. डोळ्यांनी एक सांगितलं, बुद्धीनं दुसरं. कोणाचं धरायचं?

आणि मग सेक्स्टस ते म्हणतो, जे अण्णांनी खाटेवरून म्हटलं होतं. मध आम्हाला गोड लागतो. हे आम्ही मान्य करतो, कारण गोडी इंद्रियांना जाणवतेच. मध मुळात गोड आहे का, याची मात्र आम्ही चौकशी करतो. ते चौकशीचं क्षेत्र आहे. पण एखादी गोष्ट अशी किंवा तशी भासते, याबद्दल कोणीच वाद घालत नाही. मला दिसलं ते दिसलं. मी वाद घालत होते ती नेमकी ज्यावर वाद होऊच शकत नाही अशा जागी. खुंटीवर माणूस आहे की रेनकोट, ही चौकशी करता आली असती. 'तुम्हाला दिसलं नाही' असं म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

आता दुसरा शब्द, नोऊमेनॉन. याचा नावाशी, नामाशी काही संबंध नाही. 'नोएइन' या क्रियापदाचं हे कर्मणी धातुसाधित, शेवटी तेच 'मेनॉन'. नोएइन म्हणजे मनानं जाणणं, आणि ते करणारा तो 'नूस', मन किंवा बुद्धी. नूसचं मूळ पक्कं ठरलेलं नाही; संस्कृतात त्याचा भाऊ दाखवता येत नाही, आणि मला हे आवडलं. भास आमच्या घरचा निघाला, जाणणं मात्र अनोळखी राहिलं. नंतरच्या पुस्तकांत नोएइनचं भाषांतर 'विचार करणे' असं मिळतं. होमरच्या जुन्या महाकाव्यांत ते तसं नाही. तिथे नोएइन म्हणजे समोरच्या दृश्यातून हे खरं काय आहे ते एका क्षणात ओळखणं. झुडपाआडचा आकार दिसतो ते दिसणं. तो शत्रू आहे हे लख्ख होतं ते नोएइन.

होमरच्या ओडिसीच्या सतराव्या सर्गात राजा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो. अथीना देवीनं त्याला भिकाऱ्याचं रूप दिलेलं आहे. सुरकुतलेली कातडी, चिंध्या. मुलाला त्यानं स्वतःच सांगितलंय. बाकी कोणाला पत्ता नाही. दाराबाहेर खेचरांच्या आणि गुरांच्या शेणाचा ढीग आहे आणि त्यावर आर्गॉस नावाचा कुत्रा पडलाय, गोचिड्यांनी भरलेला. मालकानं स्वतः वाढवलेला, एके काळचा शिकारीचा वाघ. कवी म्हणतो, ओडिसियस जवळ आल्याचं त्यानं 'एनोएसेन', म्हणजे ओळखलं; नोएइनचंच भूतकाळी रूप. शेपटी हलवली, दोन्ही कान पाडले, पण उठून जवळ येण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. ओडिसियसनं बाजूला बघत, बरोबरच्या डुकरं राखणाऱ्या गड्याला कळू न देता डोळा पुसला. न सांगता ओळखणारा त्या घरातला तो पहिला. आणि ओळखून तो मेला.

पुढे दोन हजार वर्षं ज्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले, ते क्रियापद होमरनं इथे शेणाच्या ढिगावरच्या कुत्र्याला दिलं आहे. भासतो तो भिकारी, आणि कुत्रा 'जाणतो' तो मालक. भास आणि जाणणं यांचा इतका नितळ प्रसंग मला दुसरा माहीत नाही. प्लेटोनं पुढे रिपब्लिकमध्ये एक रेघ ओढून दिसणारं जग खाली आणि नूसनं जाणायचं जग वर असं मांडलं, त्या रेघेला आर्गॉसचा वास नाही.

अण्णांनी मला नावानं हाक मारणं सोडून बरेच महिने झाले होते. कधी मी त्यांची बहीण असायचे, कधी कामाला येणारी बाई, कधी नुसतीच 'अहो'. एके दुपारी मी मागल्या दारानं ओल्या सपाता घालून आत आले आणि माजघरातून त्यांचा आवाज आला, "सपाता फरफटत चालू नकोस गं, शंभरदा सांगितलंय." मी जिथे होते तिथे थांबले. हे वाक्य मी सहावीत असताना ऐकलेलं. तेव्हापासून माझी चाल सुधारली नाही. त्या क्षणी त्यांना माझं नाव विचारलं असतं तर आलं नसतं, चेहरा दाखवला असता तर कदाचित 'अहो' म्हणाले असते. पण चाल ऐकून त्यांनी जे केलं त्याला मराठीत ओळखणं म्हणतात. ग्रीकमध्ये मला शब्द माहीत होता.

जर्मन तत्त्वज्ञ कांटकडे मी उशिरा गेले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं ते एवढंच, की फिनॉमिनन म्हणजे वरवरचा आभास आणि नोऊमेनॉन म्हणजे आतलं सत्य. परीक्षेला ते चाललंही. कोनिग्सबर्गच्या या प्राध्यापकानं १७७० मध्ये लॅटिन प्रबंध लिहिला, त्यात तो म्हणतो, इंद्रियांच्या विषयाला प्राचीनांच्या शाळांत फिनॉमिनन म्हणत आणि केवळ बुद्धीच्या विषयाला नोऊमेनॉन. तेव्हा त्याला वाटत होतं की बुद्धी त्या दुसऱ्यापर्यंत पोचते. ११ वर्षांनी, १७८१ च्या मोठ्या ग्रंथात त्यानं हे मागे घेतलं. आपल्याला कळतं ते स्थळ आणि काळ यांच्या चौकटीतून भासलेलंच. नोऊमेनॉन ही नुसती सीमा आहे. ज्ञानानं कुठे थांबायचं ते दाखवणारा दगड. १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर त्यानं स्पष्ट बजावलं, की वस्तू आपल्याला भासतात म्हणजे त्या खोट्या दिसतात असं मी म्हणत नाही. जर्मनमध्ये त्याच्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, एक 'एर्शाइनुंग', प्रकट होणं, आणि दुसरा 'शाइन', फसवं दिसणं. आम्हाला मात्र दोन्हींसाठी आभास हा एकच शब्द हातात ठेवून परीक्षेला बसवलं होतं.

कांटनं या शब्दाची केलेली उलथापालथ मला अजून खटकते. नोऊमेनॉन म्हणजे जाणलं गेलेलं. शब्दाचं रूपच सांगतं की जाणणं झालेलं आहे, होतं आहे. आर्गॉसला जे एका क्षणात मिळालं, ते कांटनं कोणालाच मिळणार नाही अशा जागी नेऊन ठेवलं. त्याला कारण आहे आणि कारण भक्कम आहे: वस्तूला नुसत्या बुद्धीनं सरळ पाहण्याची शक्ती माणसाला नाही, असं तो म्हणतो, आणि ते मी खोडू शकत नाही. पण शब्द शिकताना त्याचं बालपण आठवतं. मोठेपणी तो कुठल्या हुद्द्यावर गेला, यानं ते पुसत नाही.

पाहण्याचा आणि जाणण्याचा आणखी एक जुना सांधा ग्रीक आणि संस्कृत दोघींकडे आहे. 'ऑइदा' म्हणजे मला माहीत आहे. रूप मात्र भूतकाळाचं आहे, आणि धातू पाहण्याचा. मी पाहिलेलं आहे, म्हणून मला माहीत आहे. संस्कृतात याचं जसंच्या तसं रूप 'वेद'. अहं वेद. पूर्वी ऑइदाच्या सुरुवातीला 'व' होता, तो ग्रीकांनी टाकून दिला. त्याच धातूचा 'इदेआ', म्हणजे रूप, दिसणं. आपण ज्याला आयडिया म्हणतो ती मुळात डोळ्यांना दिसणारी आकृती. मुलांना विद् धातू चालवून दाखवताना वेद हे रूप मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं, आणि त्याच्या पोटात 'मी पाहिलं' आहे हे एकदाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. त्या वर्गांतली मुलं आता चाळिशीत असतील.

श्रावणात एका रात्री परत दिवे गेले. मी फाणसाची काच पुसून वात वर केली आणि उशाशी ठेवला. अण्णा जागे होते, तख्तपोशीवर सावल्या हलत होत्या. आणि ते म्हणायला लागले, एकही शब्द न अडखळता,

"प्रगटे तंव तंव न दिसे । लपे तंव तंव आभासे ।"

चांगदेव पासष्टी त्यांना लहानपणापासून पाठ. चांगदेवानं कोरा कागद पाठवला आणि ज्ञानदेवांनी त्यावर ६५ ओव्या लिहून परत पाठवल्या, ही गोष्ट त्यांनीच मला सांगितलेली. प्रकट होतो तसतसा तो दिसत नाही, लपतो तसतसा भासतो. चेहरे गेले होते, पण हे शाबूत होतं. डॉक्टर सांगतात की लहानपणचं पाठांतर शेवटपर्यंत टिकतं, आणि ते खरं असणार. मला ऐकू येत होतं ते 'आभासे'. ज्ञानदेवांच्या तोंडी या शब्दाला तुच्छता नाही. लपलेला तो लपूनच जगाच्या रूपानं उजळतो, असं ते म्हणतात. आणि हेराक्लिटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा जुना तुकडा आहे, तीनच ग्रीक शब्दांचा, की सृष्टीला लपायला आवडतं. ग्रीकांचा सत्यासाठीचा शब्दही याच्याच आसपास फिरतो: 'आलेथेइया', त्यात 'लेथे' आहे, विसर, झाकलं जाणं, आणि पुढे नकाराचा 'आ'. न विसरलेलं, न झाकलेलं. ही फोड सगळ्या पंडितांना मान्य नाही, यावर मोठे वाद झालेत. मी त्या रात्री तो वाद बाजूला ठेवला. समोर लेथेमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला माणूस होता आणि त्याच्या तोंडून ओव्या येत होत्या.

ओव्या संपल्या नाहीत, तिसाव्याच्या आसपास कुठेतरी ते थांबले आणि दाराकडे बघू लागले.

"कोण उभं आहे गं?"

पडवीत खुंटीवर रेनकोट होता. मी 'भास' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हटलं, "मला इथून नीट दिसत नाही अण्णा. कसा आहे?"

"उंच आहे," ते म्हणाले. डोळे बारीक करून बघत होते. "भिजलाय पुरता. डोक्यावर इरलं आहे. अगं, आपला दादा. शेतावरून आला असेल." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, मी कॉलेजात असताना गेले. त्यांच्या हाताला कायम चिखल असायचा आणि ते दाराबाहेर उभं राहून आधी पाय धुवायला पाणी मागायचे, हे मलाही आठवलं.

"हातात काही आहे का त्यांच्या?"

"काठी." मग जरा चिडून, "त्याला भिजत का ठेवलंय? आत घे."

मी फाणस उचलला आणि पडवीत गेले. पाऊस मंदावला होता. रेनकोट खुंटीवरून काढला, झटकला, आणि आत आणून त्यांच्या खाटेजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बस दादा," अण्णा म्हणाले.